सिमेंटच्या गोणीवरून आठवलं

कालपासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय. एका नेत्यावर आरोप झालेत (नाव मुद्दाम घेत नाही, घेतलं की निम्मे लोक इथेच वाचायचं सोडतील आणि निम्मे कमेंटमध्ये शिव्या द्यायला उतरतील). एक पार्टी म्हणते खाल्लेच असणार, सगळेच खातात. दुसरी म्हणते आधी कोर्टात सिद्ध करा, मग तोंड उघडा. प्रकरण नेमकं काय आहे हे वाचायची तसदी मात्र दोघांनाही नकोय.

मी रायगडवाला, मला अशा वेळी अंतुलेच आठवतात.

नवीन पोरांसाठी सांगतो, बॅरिस्टर अंतुले, आमच्या आंबेतचे, जून 1980 ते जानेवारी 1982 मुख्यमंत्री. तेव्हा सिमेंट म्हणजे दुकानात गेलो, पैसे टाकले आणि टेम्पोत भरून आणलं असं नव्हतं, भाव सरकार ठरवणार आणि कोणाला किती द्यायचं तेही सरकारच. बाबांनी 81 साली घर बांधायला काढलं आणि परमिटसाठी तालुक्याला इतक्या चकरा मारल्या की चपला झिजल्या, दरवेळी एकच उत्तर, पुढच्या आठवड्यात या. शेवटी ज्या काही गोण्या पदरात पडल्या त्यात पुढच्या भिंती झाल्या आणि मागची पडवी मातीतच राहिली, दर पावसाळ्याआधी तिला झावळ्या बांधायला लागायच्या.

त्याच वर्षी 31 ऑगस्टला इंडियन एक्सप्रेसमध्ये पत्रकार अरुण शौरींची बातमी आली. मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टना, म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, कोकण उन्नती मित्र मंडळ वगैरेंना बिल्डर लोक देणग्या देतायत आणि त्यांना सिमेंट मिळतंय. अंतुल्यांचे समर्थक म्हणायचे, अहो पैसा ट्रस्टला गेला, कलावंतांसाठी, गरिबांसाठी, स्वतःच्या खिशात कुठे घातला? आजही हाच डिफेन्स चालतो बघा, "स्वतःसाठी नाही केलं". पण प्रश्न खिशाचा नव्हताच. ज्या खुर्चीच्या हातात सिमेंट, त्याच खुर्चीने देणगी मागितली तर समोरचा ती काय पुण्य म्हणून देणारे का?

प. बा. सामंत वगैरे मंडळी हायकोर्टात गेली आणि जानेवारी 82 मध्ये न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. आता इथे नीट बघा, हा फौजदारी खटला नव्हता, कोणाला आरोपी करून पिंजऱ्यात उभं केलेलं नव्हतं, तरी खुर्ची गेली. आणि माझ्या मते बरोबरच गेली.

फौजदारीचं रामायण वेगळंच. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार केली, मग पदावरच्या माणसावर खटला भरायला जी आधी मंजुरी घ्यावी लागते ती इथे लागते की नाही यावरून वाद, तो सुप्रीम कोर्टात. 1984 ला कोर्ट म्हणालं माणूस आता त्या पदावर नाही, मंजुरीची गरज नाही, आणि निकाल लवकर लागावा म्हणून केस भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट हायकोर्टाकडे दिली. 1988 ला त्याच सुप्रीम कोर्टाच्या 7 न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की केस तशी हलवणंच चुकलं होतं, कायद्याने ती विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवी होती. म्हणजे घाई करायला गेले त्यात चार वर्षं गेली! शिक्षा काही झाली नाही, आणि पुढे साहेब दिल्लीत केंद्रीय मंत्रीही झाले.

म्हणून ग्रुपवर कोणी "सिद्ध करा" म्हणलं की मला हसू येतं. माणसाला जेलमध्ये टाकायला पक्का पुरावा पाहिजेच, त्यात तडजोड नको, उद्या आपल्यावरही वेळ येऊ शकते. पण त्याने खुर्चीत बसावं का, हा प्रश्न वेगळा आहे, त्याला पंधरा वर्षं निकालाची वाट बघत बसायचं नसतं. तिथे मी एवढंच बघतो की देण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, मिळालं कोणाला, आणि मिळायच्या आगेमागे त्या माणसाने काय दिलं. तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या, बस. त्या जुळत नसतील तर आरोप कितीही मोठ्या आवाजात होऊदे, मी नाही मानत. नुसता कोटींचा आकडा ऐकून तर अजिबातच नाही. ग्रुपवर मी तारखा विचारल्या, तर उत्तर आलं "तुम्ही कोणाचे?"

आणि हे सगळं इतकं सोपं नसतं हेही मला घरातच कळलंय. आमची आत्या लवकर विधवा झाली. संजय गांधी निराधार योजना अंतुल्यांनी आणली आणि तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. ती मरेपर्यंत "बॅरिस्टरसाहेब" म्हणायची, त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही. बाबा कधी सिमेंटचा विषय काढायला गेले की म्हणायची, "तुझी भिंत राहिली रे, माझं पोट भरलं." बाबांकडे याला उत्तर नसायचं, ते उठून पडवीत जाऊन बसायचे, त्याच मातीच्या.

2014 च्या डिसेंबरात अंतुले गेले. आत्याला तोवर दिसत नव्हतं, तिने बाबांना पेपर वाचून दाखवायला सांगितला. मी तिथेच चहा घेत होतो. बाबांनी सगळी बातमी वाचली, जन्म, शिक्षण, कुलाबा जिल्ह्याला दिलेलं रायगड नाव, निराधार योजना, सगळं. सिमेंटचा परिच्छेद तेवढा गाळला.