मिथेनचा नकाशा पुढे ढकलण्याआधी

सकाळपासून तोच नकाशा फिरतोय. उपग्रहाने टिपलेला जगभरचा मिथेन (पृथ्वीची उष्णता अडवणारा वायू), निळ्यापासून गडद लालपर्यंत रंगवलेला, आणि वर मथळा: "बघा, खरे दोषी कोण!" खाली कमेंटमध्ये लोक एकमेकांच्या देशांची, शेतीची, गाईगुरांची लाज काढतायत. आणि पाठवणारे सगळे आपलेच, हवामानबदलाची खरोखर काळजी असलेले लोक. म्हणून जास्त चीड आली. लिहायला घेतलंय, लांबेल.

आधी त्या नकाशाच्या कोपऱ्यातली रंगांची पट्टी वाचा. कोणीच वाचलेली दिसत नाही. निळा म्हणजे 1,800 पीपीबी, लाल म्हणजे 1,950. पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे किती रेणू. म्हणजे "स्वच्छ" निळा आणि "गुन्हेगार" लाल यांच्यात फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. पट्टीची टोकं थोडी सरकवली की अख्खा नकाशा निळा करता येतो, नाहीतर अख्खा लाल.

दुसरं, उपग्रह उत्सर्जन मोजतच नाही. ट्रोपोमी हे उपकरण (2017 साली सोडलेल्या सेंटिनेल-5पी उपग्रहावरचं) जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश बघतं आणि 2.3 मायक्रोमीटरच्या आसपासचा किती प्रकाश मिथेनने गिळला यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या अख्ख्या स्तंभाची सरासरी काढतं. उंच पठारावर हा स्तंभ खालून कापलेला असतो. त्यात स्थितांबराचा (हवेच्या वरच्या थराचा) वाटा वाढतो आणि तिथे मिथेन कमी असतो. म्हणून उंच पठारं निळी दिसतात आणि सखल मैदानं लालसर, तिथे कोणी काही सोडो अथवा न सोडो. त्यात वारा. एका ठिकाणचा वायू दुसऱ्याच खोऱ्यात जाऊन साचतो. नकाशावरच्या लाल ठिपक्यावरून उत्सर्जन काढायचं तर वाढीव मिथेनला वाऱ्याच्या वेगाशी जोडावं लागतं. वेग दुप्पट धरला की उत्तर दुप्पट. वारा मंद असेल तर वेगातली छोटी चूकही उत्तराची वाट लावते. आणि हे उपकरण ढगांच्या आरपार बघू शकत नाही, पाण्यावर तर त्याला पुरेसा प्रकाशच परत मिळत नाही. म्हणजे उष्ण कटिबंधातली पाणथळं आणि पावसाळ्यातली भातशेती, जिथे मिथेन खदखदून तयार होतो, नेमकी तीच जागा त्याला सगळ्यात कमी दिसते.

मान्य, प्रचंड गळत्या पकडायला उपग्रहासारखं साधन नाही. ते श्रेय त्याचं.

पण मिथेनचा आकडा म्हणजे काय चीज असते, हे मला एका भातखाचरातल्या चार कुप्या सांगतात, आणि या विषयावर कोणी तावातावाने बोललं की त्याच आठवतात. पद्धत साधी. 50 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच पारदर्शक पेटी रोपांवर उपडी ठेवायची. तिचा तळ चिखलात आधीच रोवलेल्या चौकटीच्या पाणी भरलेल्या खाचेत बसतो, त्यामुळे हवा बाहेर जात नाही. आत छोटा पंखा, हवा ढवळायला. मग 0, 10, 20 आणि 30 मिनिटांनी रबरी बुचातून सिरिंजने हवा ओढायची आणि आधीच निर्वात केलेल्या कुपीत भरायची. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर (हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) त्या चार कुप्यांचे आकडे आले, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख रेणूंमागे: 2.1, 3.4, 11.8, 13.0.

तिसऱ्या कुपीकडे बघा. पहिल्या दहा मिनिटांत वाढ 1.3, शेवटच्या दहा मिनिटांत 1.2, आणि मध्येच 8.4 ची उडी. चारही बिंदूंमधून डोळे मिटून सरळ रेषा ओढली तर उत्सर्जन तिपटीहून जास्त निघतं. ही उडी घ्यायला 150 लिटरच्या पेटीत अवघा एक मिलिलिटर मिथेन पुरतो. म्हणजे चिखलातून सुटलेला बुडबुडा. आता खरा प्रश्न: बुडबुडा आपणहून सुटला की कोणाच्या पायाने? आपणहून सुटला असेल तर तेही उत्सर्जनच, तो आकडा फेकून देणं खोटेपणा. पायाने सुटला असेल तर तो ठेवणं खोटेपणा. निकाल लागला तो नमुने घेणाऱ्या मुलीच्या वहीमुळे. "17 व्या मिनिटाला फळी हलली, पाय चिखलात." एवढंच लिहिलेलं होतं. ती मोजणी बाद झाली.

त्या मुलीचं नाव कुठल्याही रंगीत नकाशावर येणार नाही. पण जगाचं मिथेनचं गणित अशाच वह्यांवर उभं आहे, आणि हे लिहिताना मघाची चीड जरा निवतेय.

हेच मोठ्या प्रमाणावर बघा. अमेरिकेच्या नोआचं (महासागर आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं) जाळं जगभरच्या दूरच्या ठिकाणांहून काचेच्या कुप्यांत हवा गोळा करतं. कुप्या जोडीने भरतात, कारण दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर त्या जोडीवर शंकेची खूण पडते. सगळी यंत्रं एकाच प्रमाण वायूच्या टाक्यांशी ताडून बघतात, नाहीतर दोन प्रयोगशाळांमधल्या फरकालाच लोक हवेतला बदल समजतील. 1983 पासून चालू असलेल्या या कंटाळवाण्या कामातून आपल्याला कळलं की 1999 ते 2006 मध्ये मिथेनची वाढ जवळपास थांबली होती, 2007 पासून ती पुन्हा सुरू झाली, आणि आज पातळी 1,900 पीपीबीच्या वर आहे. औद्योगिक क्रांतीआधी ती 700 च्या आसपास होती.

आणि 2020? जग घरात बसलं होतं, तरी मिथेन तोवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा वेगाने वाढला, 2021 मध्ये त्याहूनही वेगाने. अशा वेळी "लाल तिथे दोष" वाल्यांची बोलती बंद व्हायला हवी. हवेतला मिथेन मुख्यतः हायड्रॉक्सिल नावाच्या मूलकामुळे (झटकन अभिक्रिया करणाऱ्या कणामुळे) नष्ट होतो. ते तयार होत राहायला वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हातभार लावतात. धूर कमी झाला, हायड्रॉक्सिल घटलं, मिथेन जास्त टिकला. त्यात ओल्या वर्षांमुळे पाणथळांतून जास्त सुटला. म्हणजे आकडा वाढला तर नळ मोठा झाला की मोरी तुंबली, हे आधी शोधावं लागतं. त्या तिसऱ्या कुपीचाच प्रश्न, फक्त पेटी पृथ्वीएवढी.

शोधायला एक धागा कार्बनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू). जिवाणूंनी तयार केलेला मिथेन हलका, म्हणजे कार्बन-13 कमी असलेला, साधारण उणे 60 प्रतिसहस्र (ठरलेल्या प्रमाणापेक्षा हजारामागे 60 ने कमी). खनिज वायू आणि कोळशातला त्याहून जड, जाळपोळीतला सगळ्यात जड. 2007 पासून हवेतला मिथेन हलका होत चाललाय, म्हणजे वाढीत जैविक स्रोतांचा वाटा मोठा. पण गाईची ढेकर (हो, ढेकर; तिचा जवळपास सगळा मिथेन तोंडावाटे येतो, ते पादण्याचे विनोद आता पुरे), भातखाचर, कचऱ्याचा डेपो आणि दलदल यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. नुसत्या समस्थानिकांवरून गाय की दलदल हे सांगता येत नाही.

आता यावर कोणीतरी लिहिणारच, "मग दलदलींचाच दोष, आपण काय करणार?" इथे मात्र माझा पारा पुन्हा चढतो. जगात सुटणाऱ्या मिथेनपैकी निम्म्याहून बराच जास्त माणसाच्या कामांतून येतो. "दहा-बारा वर्षांत जातोच की" हा दुसरा लाडका युक्तिवाद. जातो, पण असेपर्यंत काय करतो? वजनाला वजन घेतलं तर 20 वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता अडवतो. लवकर जातो म्हणूनच त्यात कपात केली तर फरक आपल्या हयातीत दिसेल. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के कपातीची शपथ घेतली ती याच हिशोबावर.

आणि कपात झाली की नाही हे कागदावरून कळत नाही. उत्सर्जनाच्या सरकारी याद्या बनतात त्या गुणाकाराने: तेल-वायूच्या इतक्या विहिरी गुणिले एका विहिरीमागे ठरवलेला आकडा. अमेरिकेत विमानं आणि गाड्या घेऊन प्रत्यक्ष मोजलं तेव्हा, 2018 च्या अभ्यासात, तेल-वायू उद्योगाची गळती सरकारी यादीपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त निघाली. कारण सरासरीत न बसणाऱ्या थोड्या, पण प्रचंड गळत्या. ऑक्टोबर 2015 मध्ये कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनची नैसर्गिक वायूची साठवण विहीर फुटली. फेब्रुवारीत बंद होईपर्यंत एका विहिरीतून एक लाख टनांच्या आसपास मिथेन गेला. तो हिशोब लागला कारण एक छोटं विमान गळतीच्या वाऱ्याखालच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर आडव्या फेऱ्या मारत राहिलं.

भातशेतीचंही तसंच. पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायचं, मग पुन्हा भरायचं, याने मिथेन बराच घटतो. खाचरात रोवलेल्या भोकं पाडलेल्या नळीत पाणी दिसतं, अंदाज लावायची गरज नाही. पण माती सुकते-भिजते तेव्हा नायट्रस ऑक्साइड (तोही उष्णता अडवणारा वायू) वाढू शकतो, म्हणून त्याच कुपीत तोही मोजायला हवा. नुसता मिथेन मोजून टाळ्या घेणाऱ्या प्रकल्पांवर माझा विश्वास नाही.

इनबॉक्समध्ये काही जणांनी विचारलंय, मग बघायचं काय? नोआचा जागतिक मासिक सरासरीचा आलेख बघा. तो सुमारे तीन महिने मागे असतो आणि ताजे आकडे नंतर थोडे बदलतात. एका महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, ऋतूंनुसार तो वरखाली होतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आणि कोणी ठिपका दाखवून बोट रोखलं तर त्या दिवशी वारा किती होता आणि ढग होते का, एवढं विचारा. उत्तर आलं तर मलाही टॅग करा, मला वाचायचंय.