तारकागुच्छांच्या कच्च्या फ्रेम उडवू नका

"हबल अवकाश दुर्बिणीने सगळे तारकागुच्छ टिपलेत, हौशी लोकांनी फोटो काढून काय मिळणार? शहरातून तर काही येतच नाही. रंगही खोटे. आणि कच्च्या फाइली म्हणजे कचरा. एक छान फोटो ठेवा, बाकी उडवा, कुणाला दिल्यात तर चोरतील." हा मेसेज कधीचा फिरतोय. परवा भाचीने तो मला पाठवून विचारलं, "मामा, एम ३ च्या फ्रेम डिलीट करू?" आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी तो 'कचरा'. एम ३ या गोलाकार तारकागुच्छात आरआर लायरी प्रकारचे दोनशेहून जास्त रूपविकारी तारे आहेत. साधारण अर्ध्या दिवसात त्यांचं तेज वरखाली होतं. सजवलेल्या फोटोत अंधुक तारे उचललेले आणि ठळक तारे दाबलेले असतात; त्यावरून तेज मोजणार कसं? शिवाय रात्रभराच्या फ्रेम एकावर एक रचल्या की चढउतार सरासरीत बुडून जातो. तो सापडतो कच्च्या, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेल्या, फिट्स (खगोलनिरीक्षणांसाठी वापरतात तो प्रकार) फाइलीत, जिच्यात वेळ, एक्स्पोजर आणि फिल्टर नोंदलेले असतात. २०१२ मध्ये एम ३ च्या या ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे १२० वर्षांची निरीक्षणं जोडली होती. तेज वरखाली होण्याच्या आवर्तनकाळात पडलेला किंचित फरक कळला, कारण १८९५ पासूनची मोजमापं कुणी फेकली नव्हती! चोरीचं म्हणाल, तर रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या आव्हसोसारख्या (AAVSO) संस्थेत प्रत्येक नोंदीवर निरीक्षकाचा संकेत असतो.

हबलचं कौतुक मलाही आहे. पण त्याच्या सगळ्यात रुंद कॅमेऱ्याच्या चौकटीतही जेमतेम साडेतीन कलामिनिटांचं (एक कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकाश मावतं आणि तो रोज एकाच गुच्छाकडे बघत बसत नाही. १८६० मध्ये एम ८० मध्ये नवतारा उजळला, अख्ख्या गुच्छाला झाकोळून महिन्याभरात मावळला. वेळेवर कुणी बघत होतं, म्हणूनच तो सापडला.

शहराबद्दल थोडं मान्य करावं लागेल. सुमारे तीन लाख प्रकाशवर्षांवरचा एनजीसी २४१९ हा गुच्छ तिथून पुसट ठिपकाच येतो, आणि छोट्या दुर्बिणीत कुठल्याही गुच्छाच्या गाभ्यातले तारे एकमेकांत मिसळतात. पण एम ३ च्या कडेचे तारे सुटे येतात, आणि मोजायला तेवढे पुरतात.

रंग गडद केलेले असतात, खोटे नसतात. १९५३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन सँडेज यांना वयाशी न जुळणारे निळे तारे याच एम ३ मध्ये सापडले, तेही फोटोंवरून ताऱ्यांचे रंग मोजूनच.