उसनी शिडी आणि आखूड चड्डी

ॲम्स्टलव्हेनला आल्यापासून इंग्रजी कागदपत्रांचे डच भाषांतर करून मी पोट भरतो. त्यामुळे शॉर्ट सेलिंगवरची, म्हणजे उसने शेअर विकून भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करण्याच्या व्यवहारावरची, पुस्तिका हाती आली तेव्हा ‘दोन दिवसांत देतो’ असे सांगून मोकळा झालो. डचमध्ये ‘शॉर्ट’ला ‘कॉर्त’ म्हटले की अर्थ उरतो नुसता ‘आखूड’, आणि संगणकाने तर गुंतवणूकदाराच्या ‘शॉर्ट्स’ची सरळ ‘कॉर्ते ब्रूक’, म्हणजे आखूड चड्डी, करून टाकली. पुढच्याच पानावर ‘नेकेड शॉर्ट्स’ दिसल्यामुळे मी घाईघाईने संगणक मिटला.

वास्तविक हा उद्योग इथलाच. १६०९ मध्ये इझाक ल मेअर हा व्यापारी आणि त्याच्या मंडळींनी ॲम्स्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे, जवळ नसलेले शेअर विकायचा सपाटा लावला आणि पुढच्याच वर्षी सरकारने असल्या विक्रीवर बंदी घातली. अशा व्यापाराला ‘विंडहांडल’, म्हणजे वाऱ्याचा व्यापार, असा झकास शब्द होता. १६८८ मध्ये जोसेफ दे ला वेगा या लेखकाने ॲम्स्टरडॅमच्या शेअरबाजारावरच्या पुस्तकात तेजीवाल्यांना ‘लीफहेबर’ म्हणजे प्रेमी, आणि मंदीवाल्यांना ‘कोंत्रामिन्यूर’ म्हणजे उलट सुरुंग खणणारे म्हटले आहे. मी हे शब्द आनंदाने पेरले. काम देणाऱ्या संस्थेने ते तितक्याच आनंदाने उपटले.

शेवटी शेजारच्या बाईंना गाठले. ‘तुमचा शेअर उसना घ्यायचा, १०० युरोला विकायचा, भाव पडला की ७० ला घेऊन तुम्हाला परत करायचा,’ असे मी समजावले. ‘आणि भाव चढला तर?’ ‘मग माझे दिवाळे.’ ‘मला विचारून नेलास ना?’ ‘न विचारता, उसनवारीची सोय न करताच विकला, तर तो नेकेड.’ बाई म्हणाल्या, ‘म्हणजे तू माझी शिडी नेलीस तसा.’ मग त्यांनीच ‘ओन्खदेक्त’ हा शब्द सुचवला. त्याचा अर्थ न झाकलेले. वटणार नाही अशा चेकलाही तोच लागतो आणि ताटे न मांडलेल्या टेबलालाही. पाहुणे बोलावून बसलो आणि ताटांचा पत्ता नाही, ही कल्पना मला चड्डीपेक्षा पुष्कळच सभ्य वाटली.

तेवढा ‘ओन्खदेक्त’ टिकला. बाकी सगळीकडे ‘शॉर्ट सेलिंग’ तसेच ठेवा, असा निरोप आला. युरोपीय संघाच्या याच विषयावरच्या २०१२ च्या नियमावलीच्या डच शीर्षकातही ते तसेच आहे, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हते. मात्र न बदललेल्या शब्दांचे पैसे त्यांनी बिलातून कापले, आणि शिडी मी त्याच संध्याकाळी परत केली.