‘अर्थ कळला ना, मग झालं’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमचं काही मला पूर्ण पटलं होतं आणि काही मुळीच नाही, आणि घाईत दोन्हींची सरमिसळ झाली असती. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या चुकांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन गोष्टी म्हणालात. समोरच्याला अर्थ कळला की भाषेचं काम झालं. अशा याद्या वाचून माणसं बोलायलाच घाबरतात. आणि ‘प्रीपोन’सारखा (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) रुळलेला शब्द चूक ठरवणारी मी कोण?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. ‘प्रीपोन’बाबत तुमचं बरोबर आहे. शब्दकोशांत त्याची नोंद आहे आणि भारतीय इंग्रजीत तो सर्रास वापरला जातो. इतर देशांतल्या माणसाला तो कदाचित कळणार नाही, एवढंच मी सांगायला हवं होतं. तो मुद्दा लेखातून काढला आहे. त्याच्यासोबत आणखी एक काढला: वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय (‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’सारखा शब्द) येऊ नये, हा. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये अशा रचनेला दोष दिला होता. पुढे तो आक्षेप शाळांमधून नियम म्हणून शिकवला गेला, पण इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो रोजच्या बोलण्यात फारसा पाळला नाही. मी तो तपासून न घेता लिहिला, ही माझी चूक.

पण ‘अर्थ कळला ना, मग झालं’ हे मला मान्य नाही. ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ यातला अर्थ कुणालाही कळतो. ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं तरी काही अडत नाही. इथवर मी तुमच्यासोबत आहे. मला काळजी वाटते ती समोरच्याला अर्थ कळतो, पण भलताच कळतो, अशा वाक्यांची. ती व्याकरणात चोख असतात, म्हणून ऐकणारा शंका विचारत नाही आणि काय घडलं याचा बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आपला ‘पर्यंत’ घ्या. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल देते’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी इथे आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण तो बिनदिक्कत वापरतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘अन्टिल’. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंनी कामाच्या ठिकाणी ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फ्रायडे’ असं कळवलं. शुक्रवार संपेपर्यंत आपण आहोत, असं त्यांना म्हणायचं होतं. वाचणाऱ्यांनी अर्थ लावला की बाई सध्या नाहीत, शुक्रवारपर्यंत येतील. आठवडाभर त्यांना कुणी काही विचारलंच नाही आणि आपल्याला का डावललं जातंय, हे त्यांना समजेना. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

‘मस्ट नॉट’चंही तसंच. ‘यायलाच हवं असं नाही’ हे सांगायला आपण ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडतो आणि ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणतो. त्याचा अर्थ मात्र होतो, ‘तुम्ही येता कामा नये’. सवलत द्यायला गेलो आणि मनाई करून बसलो. तिथे ‘डोन्ट हॅव टू’ हवं. ‘आय वर्क्ड हार्डली’ म्हणजे खूप राबलो नव्हे, जेमतेम काम केलं. आणि ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ याला आपण मोकळ्या मनाने ‘येस, येस’ म्हणतो, तेव्हा शब्दशः ‘हो, माझी हरकत आहे’ असं सांगत असतो.

आता भीतीबद्दल. भर बैठकीत वरिष्ठांनी तुमचं ‘डिड नॉट वेन्ट’ मध्येच तोडून दुरुस्त केलं आणि नंतर तुम्ही तोंड उघडलं नाही, हे वाचून वाईट वाटलं. चूक तिथे तोडण्यात होती. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात भाषेचे जे नियम घडत असतात त्यांचा पुरावा. ‘डिड नॉट वेन्ट’ म्हणणाऱ्याला भूतकाळ दाखवायचा हे कळलेलं असतं, फक्त तो एकदाच दाखवायचा हे अजून बसलेलं नसतं. ‘शी गोज’मधला शेवटचा ‘ज’ तर नियम तोंडपाठ असलेल्यांकडूनही बोलताना वर्षानुवर्षं सुटतो. तिथे दर वेळी टोकून काही साधत नाही.

मग दुरुस्ती करायची कशी? रॉय लिस्टर आणि लैला रांटा या संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथले शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा मुलाचंच वाक्य हळूच बरोबर करून म्हणत. पण मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळाला तो याच पद्धतीला. स्वतःचं वाक्य स्वतः सुधारायला लावलं की मुलं जास्त सुधारत होती. म्हणून मी बोलणाऱ्याला पूर्ण बोलू देते. नंतर एकच वाक्य निवडून एकांतात विचारते, ‘तुम्हाला नक्की काय सांगायचं होतं?’ बहुतेकांना तिथेच उमगतं. माझ्या लेखात ही बाजू आली नव्हती आणि चाळीस चुका एका दमात वाचून दडपण येणं साहजिक आहे. म्हणून यादी नव्याने लावते आहे: अर्थ फिरवणाऱ्या चुका आधी, ‘सिन्स’ आणि ‘डिस्कस अबाउट’ अगदी शेवटी.

‘आय हॅव फ्यू सजेशन्स फॉर यू’ या तुमच्या शेवटच्या वाक्यात काही चुकलंय का, असं तुम्ही विचारलं आहे. ‘फ्यू’च्या आधी ‘अ’ हवा. त्याच्याशिवाय अर्थ होतो की तुमच्याकडे सुचवण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. तुम्ही सुचवलेल्या गोष्टींमुळे लेखातला एक मुद्दा गेला आणि सगळा क्रम बदलला, तेव्हा तो ‘अ’ जरूर लिहा.