शेपर्डचा गोल्फचा चेंडू चंद्राभोवती फिरत नाहीये

‘चंद्रावर गुरुत्व सहापट कमी, म्हणून अंतराळवीराने मारलेला गोल्फचा चेंडू सहापट वेगाने सुटला, मैलोनमैल गेला आणि आजही चंद्राभोवती फिरतोय.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हे पुन्हा सुरू झालंय.

चेंडू मारला, एवढं खरं. ६ फेब्रुवारी १९७१, अपोलो १४ ही चांद्रमोहीम. अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डने मातीचे नमुने उचलायच्या दांड्याला सिक्स-आयर्नचं (गोल्फच्या एका काठीचं, म्हणजे क्लबचं) टोक बसवून दोन चेंडू मारले.

सहापट वेग? चंद्रावर चेंडूचं वजन घटतं, वस्तुमान नाही. टोल्याला सामोरं येतं ते वस्तुमान. म्हणजे तोच टोला, तोच वेग. इथे तर टोलाही धड नव्हता: फुगलेल्या सूटमुळे शेपर्डला एका हातानेच क्लब फिरवावा लागला.

मैलोनमैल? हे शब्द खुद्द शेपर्डचे, पण गमतीत उच्चारलेले. २०२१मध्ये छायाचित्र-तज्ज्ञ अँडी साँडर्स यांनी मोहिमेची जुनी छायाचित्रं सुधारून अंतरं काढली: पहिला चेंडू २४ यार्ड, दुसरा ४० यार्ड, म्हणजे जेमतेम ३७ मीटर. वानखेडेवर खेळपट्टीवरून मारला असता तर सीमारेषाही गाठली नसती! ४५ अंशांत मारून तेवढं अंतर गाठायला चंद्रावर सेकंदाला पावणेआठ मीटर वेग पुरतो. त्याच वेगाने पृथ्वीवर चेंडू सहा मीटरवर पडेल, साधारण सेकंदाभरात. चंद्रावर तो साडेसहा सेकंदांहून जास्त वेळ वर राहतो. बघणाऱ्याला ‘लांब गेला’ वाटणारच.

कक्षेत? त्यासाठी सेकंदाला सुमारे १,६८० मीटर वेग लागतो. कसलेल्या व्यावसायिकाचा चेंडू ७५-८० मीटरने सुटतो. शिवाय जमिनीवरून तिरका वर मारलेला चेंडू, मुक्तिवेग (चंद्राच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) गाठला नाही तर, फिरून जमिनीलाच भिडतो.

मग ‘सहापट लांब’ तरी बरोबर? वेग आणि कोन तेच असतील आणि पृथ्वीवर हवा नसेल, तर हो: उंची, वेळ, अंतर, तिन्ही सहापट. पण इथे हवा आहे आणि ती चेंडूला रोखते. सेकंदाला ७५ मीटरने, ४५ अंशांत सुटलेला चेंडू चंद्रावर साडेतीन किलोमीटर जाईल. इथे व्यावसायिकांचा ड्राइव्ह, म्हणजे सर्वात लांबचा फटका, पावणेतीनशे मीटरच्या आसपास थांबतो. म्हणजे फरक सहापटीहून बराच मोठा.

हीच हवा फिरकी घेतलेल्या चेंडूला वळवते. शेपर्डचा फटका बघून ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून फ्रेड हेझने ‘स्लाइस (फिरकीमुळे बाजूला वळलेला फटका) झाला वाटतं’ असा टोमणा मारला होता. चंद्रावर चेंडू वाकडा मारता येतो, पण हवेत वळवता येत नाही.