पाढा बघायचा नसतो म्हणे

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी लेकीला नवाचा पाढा कागदावर उभा लिहायला लावला, एवढीच काय ती माझी आगळीक. दशकाचा अंक एकेकाने चढतो, एककाचा उतरतो आणि दोहोंची बेरीज ९ येते, हे तिचे तिलाच दिसले; ४५ नंतर ५४ आणि ३६ नंतर... नव्हे, ३६ च्या जोडीला ६३ पाहून तर ती आनंदाने ओरडलीच. नऊ मिळवणे म्हणजे दहा मिळवून एक काढणे, हे कारणही तिने शोधले.

एवढ्यात शेजारच्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो ताई, पाढा घोकायचा असतो, बघायचा नसतो. सांग गं, नऊ साते?"

"सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट."

"उत्तर बरोबर, पद्धत चूक," असा निकाल देऊन त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत, कोणीही विनंती केलेली नसताना, 'नऊ एके नऊ'पासून प्रारंभ केला. पंचेचाळीसपाशी आतून कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, आजोबा अडखळले, आणि चोपन्नाकडे न वळता थेट पुन्हा 'नऊ एके नऊ'कडे परतले. अखेर त्रेसष्ट आले तेव्हा समोरच्या बाकावरच्या सर्वांनी आदराने माना डोलावल्या. माझ्या लेकीने तेच उत्तर कधीच दिले होते, पण तिच्यासाठी एकही मान हलली नव्हती, आणि हे मला अजून खुपते.

शाळेत तरी वेगळे काय होते? सहा आठे आणि आठ सक ही दोन स्वतंत्र संकटे म्हणून शिकवली जातात. दहापर्यंतच्या पाढ्यांच्या १०० चौकटींत, क्रम उलटला तरी गुणाकार तोच हे ओळखले, तर ५५ च उरतात, हे सांगायला कोणाला सवड नसते. साताच्या पाढ्यात एककाचे अंक ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असे दहाही येऊन जातात आणि तिनाच्या पाढ्यात शून्याआधीचे नऊ नेमके उलट क्रमाने येतात. पण मुलांनी तिथे क्षणभर थांबायचे नाही, वही भरायची.

आजोबा आता सतराच्या पाढ्यात शिरले होते. "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..."

"आजोबा, शेवटचे अंक साताच्या पाढ्यासारखेच येतात!"

"मध्ये बोलू नकोस," ते म्हणाले आणि पुन्हा 'सतरा एके सतरा'पासून लागले.