तो टायर कुणीतरी काढून टाकलाय, का काढला ते विचारलं का?

"अजून सहा महिने आरामात जाईल" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढून त्याच टायरवर भर पावसात एक राऊंड मारायला लावला पाहिजे. मोटरसायकलचा जुना टायर विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, घेणारा मान डोलावतो, आणि तो टायर आधी कुठल्या गाडीला होता, हवा कमी ठेवून किती चालवला, कधी बनला आणि मुळात काढला का, यातलं दोघांनाही काही माहीत नसतं. पण सहा महिने मात्र आरामात जाणार!

आधीच सांगतो, पैसे वाचवायला सेकंड हँड टायर घेणाऱ्यांना नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाहीये. ज्याचं पोट गाडीवर आहे तो दिवसभर गाडी हाणतो, त्याचा टायर लवकर जातो, आणि नेमका हातात पैसे नसताना गेला की मिळेल तो टाकून दुसऱ्या दिवशी कामावर निघावंच लागतं. ते कळतं. राग आहे तो ज्या पद्धतीने हा माल विकला जातो त्याचा. जुनी गाडी घ्यायची असली की आपण कागद बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो, चार मित्रांना फोन करतो, आणि त्याच गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारा टायर घेताना नक्षीत नख घालून बघायचं, "आहे की अजून" म्हणायचं आणि बसवून घ्यायचा. बस्स, तपासणी संपली.

त्याहून जास्त खटकतं ते म्हणजे गाडी पडली की टायरचं नाव कुठेच येत नाही. वाळू होती, ऑइल सांडलेलं, पाऊस नुकताच सुरू झालेला, कुत्रं आडवं आलं, पोरगा जोरात होता. हे सगळं खरंही असेल. पण त्याच वळणावरच्या त्याच वाळूवरून दिवसभर बाकीच्या गाड्या गेल्या की, मग हीच का पडली? लोक जमतात, हँडल सरळ करतात, टाकीवरचा डेंट बघून हळहळतात, आणि वाकून टायरवर बोट फिरवणारा एखादाच निघतो.

आता इथे कुणीतरी अभ्यासू माणूस हर्ट रिपोर्ट काढणार, म्हणून मीच काढतो. १९८१ साली आलेला अमेरिकेतला अभ्यास, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केलेली. त्यात गाडीतला बिघाड हे कारण निघालं ३ टक्क्यांहून कमी अपघातांत. झालं, म्हणजे टायरबियर सगळं उगाच, चूक चालवणाऱ्यांचीच? थांबा. त्या थोड्याशा केसेसमध्येही बहुतेक ठिकाणी गाडी एकटीच पडलेली होती, पंक्चर होऊन हवा गेली आणि ताबा सुटला, म्हणजे बिघाडांच्या यादीतही टायरच वरती. दुसरं म्हणजे बिघाड म्हटलं की फुटलेला, हवा गेलेला टायर आपल्या डोळ्यासमोर येतो. कडक झालेल्या टायरमुळे गाडी दोन मीटर उशिरा थांबली आणि तेवढ्यातच पुढच्या कारचा बंपर आला, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? टायर शाबूत आहे, हवा बरोबर आहे, रिम ठीक आहे. मग नोंद काय होते, तर चालवणाऱ्याने वेळेत ब्रेक लावला नाही. माझं भांडण इथेच आहे. जुना टायर दरवेळी फुटतच नाही, बऱ्याचदा तो फक्त कमी पडतो, आणि कमी पडलेलं कुणाला दिसत नाही.

कमी का पडतो तर टायर झिजतो तसा म्हाताराही होतो, आणि या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या जुन्या कंपासपेटीत सापडलेलं खोडरबर कधी वापरून बघा, दिसायला अख्खं असतं पण खोडत काहीच नाही, नुसतं कागदावरून सरकतं. टायरच्या रबराचंही तेच होतं. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन याने रबर हळूहळू कडक होत जातं. कंपन्या रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी केमिकल्स मिसळतात, टायर फिरताना दबतो, वाकतो तशी ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि वरचं संरक्षण टिकतं. गाडी एका जागी वर्षानुवर्षं उभी राहिली की हे होतच नाही, मग साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आणि नक्षीच्या खाचांत बारीक केसासारख्या चिरा पडायला लागतात. त्यामुळे "गाडी पडूनच होती हो, टायर चाललेलाच नाहीये" हे ऐकून खूश होणाऱ्यांची मला कमाल वाटते. अरे, न चाललेला पण खूप जुना टायर हा सगळ्यात फसवा माल आहे, नक्षी भरपूर असते म्हणून तर तो विकला जातो!

बरं, वय शोधणं अवघडही नाहीये. साईडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तो म्युझियमला द्या. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे टायर गाडीला बसवायच्या आधीच दोन्ही बाजू फिरवून बघायच्या, एकदा चाकात बसला की कोण वाकून बघतंय. बऱ्याच कंपन्या म्हणतात की वापर सुरू झाल्यापासून पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाका. आणि ही दहा वर्षं नीट ठेवलेल्या टायरची बरं का, उन्हात ढिगात पडलेल्याची नव्हे.

नक्षी किती उरली याची खूण कंपनी स्वतःच देते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते कुठे आहेत हे सांगायला साईडवॉलवर टीडब्ल्यूआय (TWI, झिजेची खूण) अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. मोटरसायकलच्या टायरमध्ये ते उंचवटे बहुधा ०.८ मिलीमीटरचे असतात, म्हणजे रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं की खेळ खलास. पण तिथपर्यंत सगळं उत्तम आणि मग एका दिवशी अचानक खराब असं होत नसतं ना. खाच उथळ होत जाते तसं पाणी बाजूला ढकलायची ताकद आधीपासूनच कमी होत जाते, आणि रबर पातळ झालं की खिळा, काच सहज आत जाते. म्हणजे जो टायर विकणाऱ्याच्या भाषेत "अजून चालेल" असा आहे तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात जास्त पंक्चर होण्याच्या काळात तुमच्याकडे येतोय.

आकाराचं तर कुणी बोलतच नाही. मोटरसायकलचा टायर गोलसर असतो कारण गाडी वळताना झुकते, कारचा सपाट असतो तो चालतो. सरळ रस्त्यावर खूप चाललेल्या मागच्या टायरचा मधला भाग घासून सपाट होतो आणि कडा तशाच राहतात. असा टायर सरळ जाताना काहीच तक्रार करत नाही, वळणावर मात्र सपाट भागावरून कडेवर जाताना गाडी एकदम आत पडल्यासारखी वाटते, आणि तिथेच रंगवलेला पट्टा किंवा ओला मॅनहोल आला तर सावरायला वेळच नाही. पहिल्या मालकाला हे हळूहळू होत गेल्यामुळे सवय झालेली असते. तुम्हाला तोच टायर एका दिवसात मिळतो.

यावर रेसवाल्यांचं उदाहरण देणारे भेटतात, की बघा रेसिंगचे टायर तर पूर्ण गुळगुळीत असतात तरी ते केवढे झोपवतात गाड्या. ते टायर मऊ रबराचे, गरम झाल्यावरच पकड देणारे, थोडंसं चालवून फेकून द्यायचे असतात हो, आणि ट्रॅक ओला झाला की तेच लोक खाचांचे टायर घालतात. तुमचा गुळगुळीत टायर गुळगुळीत व्हायला दोन-तीन उन्हाळे गेलेत. दुसरा एक ग्रेट मुद्दा म्हणजे नवीन टायर घसरतो, जुना बरा, मुरलेला असतो. नवीन टायर सुरुवातीचे १५० किलोमीटरपर्यंत जपून चालवायचा असतो हे खरं आहे. म्हणून काय तो घ्यायचाच नाही? जपून चालवा की तेवढं.

आता आतली गोष्ट, शब्दशः आतली. टायर आतून बघितल्याशिवाय घेऊ नका. हवा कमी ठेवून टायर खूप चालवला असेल तर साईडवॉल सतत दुमडून गरम होतो, आतले दोरे सुटायला लागतात, आणि आत काळा पट्टा किंवा रबराचा भुगा दिसतो. बाहेरून पॉलिश मारलं की चकाचक, आणि मला विचाराल तर जास्त चमकणाऱ्या जुन्या टायरवरच पहिला संशय घ्यावा. कडेची तार, जी रिमला घट्ट बसते, ती टायर काढताना पहार घालून वाकवलेली असू शकते. पंक्चरचे जुने तुकडे किती आणि कुठे आहेत तेही आतूनच कळतं, मधल्या भागातलं छोटं भोक आतून नीट पॅच लावून दुरुस्त होतं पण साईडवॉलवरचं नाही, ते कुणीही कितीही छातीठोक सांगू दे. आणि ट्यूबलेस टायर हवा धरत नाही म्हणून त्यात गुपचूप ट्यूब टाकून द्यायचा जो प्रकार चालतो तो तर हद्द आहे. टायरचा दोष तसाच राहतो, वर ट्यूब आतल्या उखडलेल्या पॅचवर घासत राहते, आणि ट्यूबला भोक पडलं की हवा झटक्यात जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसला तर बहुतेक वेळा हवा हळूहळू उतरते, थांबायला वेळ मिळतो, तो फायदाच गेला.

सगळ्यात हलकट प्रकार म्हणजे झिजलेल्या टायरला गरम पात्याने नवीन खाचा पाडून विकणं. ट्रकच्या काही टायरवर रीग्रूव्हेबल, म्हणजे पुन्हा खाचा पाडता येणारा, असं लिहिलेलं असतं, त्यात खाली जास्तीचं रबर मुद्दाम दिलेलं असतं. मोटरसायकलच्या टायरमध्ये ते नसतं, खाच पाडली की पातं थेट दोऱ्यांच्या जवळ पोचतं. खाचेची कड जरा जास्तच धारदार, खोली कमीजास्त, आणि ते मघाचे टीडब्ल्यूआयचे उंचवटे मध्येच कापलेले किंवा गायब दिसले तर टायर तिथेच ठेवून निघा. हे करणाऱ्याला मी व्यवसाय करणारा म्हणत नाही.

एवढं सगळं वाचूनही जुनाच घ्यावा लागणार असेल तर माझं एकच मत, पुढच्या चाकाला नको. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि थांबवायचं ७० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचं चाक करतं, वळवायचं काम पण तेच करतं. मागचा सरकला तर कधीकधी सावरता येतं, पुढचा सरकला की समजेपर्यंत माणूस खाली. लोक नेमकं उलटं करतात, मागचा लवकर झिजतो म्हणून मागे नवीन आणि पुढे बरा दिसणारा जुना. आणि चालू गाडीत हवा गेलीच तर हँडल घट्ट सरळ धरा, थ्रॉटल हळू सोडा, ज्या चाकाची हवा गेली त्याचा ब्रेक मारू नका, वेग उतरल्यावर दुसऱ्या चाकाचा ब्रेक हळूच लावत कडेला घ्या. वाचायला सोपं आहे, माहितीये.

सगळेच जुने टायर वाईट असंही नाही म्हणत. कुणी नवी गाडी घेतली, लगेच भारी टायर टाकले आणि कंपनीचे जवळजवळ कोरे काढून ठेवले, असा माल मिळाला, तारीख ताजी असली, साईज, लोडचा (किती वजन झेपतं त्याचा) आकडा आणि स्पीडचं अक्षर गाडीच्या पुस्तकाशी जुळलं तर मी स्वतः घेईन. पण असे किती मिळतात आणि त्यांच्या नावावर किती भंगार खपतं?

आणि हा भंगार येतो कुठून, तर आपल्याकडूनच. आपण ऐटीत नवीन टायर टाकतो आणि जुना "ठेवा तिकडेच" म्हणून दुकानात सोडून येतो. आपल्याला जो धोकादायक वाटला तोच पुसूनबिसून संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतो. म्हणून मी आता जुना टायर चाकातून निघाला की तिथेच साईडवॉलवर दोन ठिकाणी आरपार कटर मारायला सांगतो, माझ्यासमोर, मग तो कुणालाच विकता येत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो, एकदा तर "साहेब, गरिबाच्या कामाला आला असता" असंही ऐकवलं. मी म्हटलं तुमच्या स्वतःच्या गाडीला लावा, मी कापत नाही. त्याने कटर दिला.